‘घर जळालं’ याचं उत्तर

नव्वदीच्या सुरुवातीची दोन-अडीच वर्षं मी एका कॉम्प्युटरला आमच्या भागातली माणसं काय बोलतात ते समजावत होते. हे काम कुणाला सांगितलं तर आज हसू येईल. तेव्हाही यायचं.

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडला लागून एका संस्थेनं माहिती केंद्र उघडलं होतं. खोली आधी खताचं गोदाम होती. दोनदा चुना मारूनही युरियाचा वास गेला नव्हता, दुपारी पत्रा तापला की डोळे चुरचुरायचे. त्या खोलीत पुण्याहून आणलेला एक कॉम्प्युटर, शेजारी गुरगुरणारा स्टॅबिलायझर आणि लोकांसाठी एक बाकडं. पुण्याच्या एका इंजिनिअरनं त्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. मराठीत प्रश्न टाइप करायचा आणि यंत्रानं मराठीतच उत्तर द्यायचं. पिकावरची कीड, एसटीच्या वेळा, सरकारी योजना, दाखले, असं बरंच काही त्यात भरलेलं होतं. गावातल्या माणसाला कुणाच्या पाया पडावं लागू नये, विचारलं की उत्तर मिळावं, अशी कल्पना होती. कल्पना वाईट नव्हती.

मी परभणीची. वडील प्राथमिक शिक्षक. बी. ए. झाल्यावर मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि तेवढ्यावर ही नोकरी मिळाली. रोज सकाळी परभणीहून एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. बहुतेक लोकांना टाइप करता येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं, म्हणून ते बोलायचे आणि मी टाइप करायची. संस्थेचा एक नियम होता. माणूस जसं बोलेल तसंच टाइप करायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही. त्याशिवाय प्रोग्रामच्या चुका कळणार नाहीत, असं पुण्याहून सांगितलं होतं. चुका सापडल्या की त्या दुरुस्त करायच्या, हे माझं दुसरं काम.

चुका पहिल्याच आठवड्यात सापडल्या. पेडगावकडचा एक म्हातारा आला. म्हणाला, “पोरगा धा वर्गं शिकून घरी बसून हाय. नौकरी लागंल का?” मी तसंच टाइप केलं. यंत्रानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि पडद्यावर जिंतूर, वालूर, पेडगाव अशा गाड्यांचं वेळापत्रक आलं. ‘बसून’मधला ‘बस’ त्याला सापडला होता. बाकड्यावरचे लोक हसले. म्हातारा हसला नाही. त्यानं मला विचारलं, “म्हंजी परगावी जावं लागंल का त्येला?” मी नाही म्हटलं.

मी प्रोग्राम उघडून ‘बस’ हा शब्द स्वतंत्र आला तरच गाड्या दाखवायची सोय केली. दुसऱ्या दिवशी कुणी ‘बसनं’ म्हणालं, कुणी ‘बसची’ म्हणालं, आणि यंत्र गप्प झालं. मग मी ते शब्द एकेक करून घातले. ‘बसला’ या शब्दापाशी अडले. ‘बसला किती वेळ आहे’ यातही ‘बसला’ आणि बाकड्यावर माणूस बसला तोही ‘बसला’च. शेवटी प्रश्नात गावाचं नाव असेल तर गाडी, नाहीतर काही नाही, असं ठरवलं. ‘पराटी’ म्हणजे कापूस हे घातलं. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘लय’ हे घातलं. ‘काऊन’ म्हणजे का आणि ‘दरखास्त’ म्हणजे अर्ज, हेही घातलं. प्रत्येक दुरुस्ती मी फ्लॉपीवर घेऊन पुण्याला पाठवायची. पोहोच यायची, उत्तर यायचं नाही.

तरी त्या पहिल्या वर्षात मला बरं वाटायचं. यंत्राला रोज एखादा शब्द जास्त कळायचा.

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा बाजाराचा दिवस होता. खोलीत गर्दी होती. पन्नाशीची असेल. अंगानं वाळलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावरचा पदर एका हातानं धरलेला. ती बराच वेळ भिंतीला टेकून इतरांचं ऐकत उभी होती. गर्दी पांगल्यावर पुढं आली.

“ह्याला कायबी इचारलं तर चालतंय का?”

“विचारा ना, मावशी.”

तिनं पडद्याकडं बघून, माझ्याकडं न बघता, सावकाश सांगितलं. “माझं घर जळालं. मालक निघून गेला. मला काई मिळंल का?”

मी टाइप केलं. उत्तर आलं: ‘पाण्याचा ताण पडल्यास पीक जळते. संध्याकाळच्या वेळी हलके पाणी द्यावे.’

ती म्हणाली, “काय म्हनतंय?”

नियमाप्रमाणं उत्तर वाचून दाखवायचं असे. मी वाचलं नाही. “त्याला समजलं नाही, मावशी. चूक आहे. मी दुरुस्त करते. कधी जळालं घर?”

“नामांतराच्या टायमाला. पहिल्यांदा पेटलं होतं बघा, तवा.”

पुढचं मला विचारावं लागलं नाही. त्या साली मी शाळकरी होते. वडिलांनी आम्हा भावंडांना कितीतरी दिवस घराबाहेर पडू दिलं नव्हतं, आणि खेड्यातले नातेवाईक बोचकी घेऊन आमच्या दोन खोल्यांत येऊन राहिले होते. विद्यापीठाच्या नावावरून खेड्यातली घरं का पेटतात, हे मी तेव्हा आईला विचारलं होतं. आईनं दाराची कडी लागली आहे ना ते पाहिलं होतं.

बाईनं माझ्याकडं नीट पाहिलं. “तू आपल्यातलीच का गं?”

मी हो म्हटलं. ती बाकड्यावर बसली.

घर पेटलं त्या संध्याकाळी ती लेकराला घेऊन मागच्या ओढ्यानं माहेरी पळाली. नवरा म्हणाला, तू हो पुढं, मी म्हैस सोडून येतो. म्हैस दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिवारात सापडली. तो सापडला नाही. कुणी म्हणालं नांदेडच्या गाडीत बसताना पाहिला, कुणी म्हणालं पुढं मुंबईला दिसला. प्रेत निघालं नाही, पत्र आलं नाही. ती काही महिन्यांनी गावात परत आली तोवर पंचनामे होऊन गेले होते. ज्या घरात कुणी हजर नव्हतं त्या घराची नोंद झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी यंत्राला ‘घर’ आणि ‘जळ’ एकत्र आले तर पिकाचं उत्तर देऊ नको, एवढं शिकवलं. ते पाच मिनिटांचं काम होतं. पण मग कुठलं उत्तर द्यायचं? ते मिळवायला मी तहसीलमध्ये गेले. तिथल्या कारकुनानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. शांतपणे म्हणाला, “बाई, त्या वेळच्या मदतीचं तेव्हाच झालं. ज्यांचं नाव होतं त्यांना मिळालं. आता नाव कुठून आणायचं?” तो खोटं बोलत नव्हता. वाईटही वागला नाही.

संस्थेच्या सचिवांना मी हे सांगितलं. ते मोठे बागायतदार होते, स्वभावानं सरळ, मला कधी वेगळं वागवलं नाही. माझ्या डब्यातली भाजी मागून खायचे. त्यांनी चष्मा काढून पुसला. “ताई, त्या साली काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते मशीनमध्ये कशाला? मशीन सगळ्या गावाचं आहे. उद्या कुणी येऊन विचारील, हे कुणी घातलं?”

“मग घर जळालं म्हणून कुणी आलं तर काय दाखवू?”

“तहसीलमध्ये चौकशी करावी, असं दाखवा.”

मी तसं घातलं. पुढच्या बाजाराला ती बाई आली. मी उत्तर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तितूनच तर आले हितं.”

राग नव्हता तिच्या बोलण्यात. त्यानंतर ती बहुतेक बाजाराला यायला लागली. भाजी विकून झाली की रिकामी पाटी दाराशी ठेवायची आणि बाकड्यावर बसायची. मला वाटायचं, तिला काहीतरी मिळवून दिलं पाहिजे. यंत्रात निराधारांच्या अनुदानाची माहिती होती. आमच्याकडं त्याला सगळे ‘पगार’ म्हणतात आणि ‘पगार’ म्हटलं की यंत्र शेतमजुरीचे दर सांगायचं. तेही मी दुरुस्त केलं आणि तिच्या वतीनं विचारलं. यंत्रानं तीन पर्याय दिले: विधवा, परित्यक्ता, अपंग.

“परित्यक्ता म्हंजी?”

“नवऱ्यानं टाकलेली.”

“त्यानं टाकली न्हाई मला,” ती ताडकन म्हणाली. “म्हैस सोडून येतो म्हनला होता.”

“मग विधवा?”

तिनं कपाळाला हात लावला. कुंकू पुसलं जाऊ नये असा, अलगद. त्या दिवशी लवकर उठून गेली.

मी पुण्याच्या इंजिनिअरला पत्र लिहिलं, की चौथा पर्याय हवा, जिचा नवरा आहे की नाही हेच माहीत नाही अशा बाईसाठी. मग माझ्या लक्षात आलं की प्रोग्राममध्ये चौथा पर्याय मी स्वतःही घालू शकते. अडचण तिथं नव्हती. तहसीलच्या अर्जावर चौथा पर्याय नव्हता.

परभणीत वडिलांच्या ओळखीचे एक वकील होते. त्यांनी सांगितलं, सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कायदा त्याला मेलेला धरतो. बाईनं प्रतिज्ञापत्र करावं, ते अर्जाला जोडावं, बघू. मी ते तिला सांगितलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही. दोन-तीन बाजार आलीच नाही. आली तेव्हा ठरवून आली होती.

“टाकून गेला म्हनलं तर त्याची बदनामी हुती,” ती म्हणाली. “मेला म्हनलं तर त्याचं नाव तरी चांगलं ऱ्हाईल. चल, कुटं जायचं ते.”

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टायपिस्ट बसायचे. वकिलांनी मजकूर दिला, टायपिस्टनं बडवला आणि ओळ संपली की मशीनची टिंग वाजायची. बाई त्याच्या बोटांकडं बघत होती. “काय लिवलं वो?”

“सदर इसम मयत समजण्यात यावा.”

“समजन्यात यावा. म्हंजी मेला असं न्हाई ना?”

टायपिस्टनं मान वर केली. “कायद्यानं मेला, बाई.”

तिनं अंगठा उठवला. शाईचा अंगठा तिला लुगड्याला पुसायचा नव्हता, म्हणून तो तसाच वर धरून ती माझ्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आली. गाडी लागेपर्यंत तिनं एकच विचारलं, “आता तो आला तर?”

मी म्हटलं, “आला तर चांगलंच की, मावशी.”

“त्येला काय दाखवू मंग? ह्यो कागद?”

गाडी आली. ती चढली.

अर्ज नामंजूर झाला. तलाठ्याच्या अहवालात तिचा मुलगा होता. ओढ्यातून पळताना हाताला धरलेलं ते पाच-सहा वर्षांचं लेकरू आता मोठं झालं होतं, पुण्याकडं बांधकामावर जात होतं. घरी काही पाठवत नव्हतं, पण रेशन कार्डावर होतं. सज्ञान मुलगा असलेली बाई निराधार होत नाही. वकिलांच्या हे लक्षात आलं नाही, मला माहीत नव्हतं, यंत्रात ते नव्हतं. तहसीलमधल्या त्याच कारकुनानं मला नियम वाचून दाखवला आणि या वेळीही चहा मागवला. मी चहा घेतला नाही.

त्यानंतर मी प्रोग्राममध्ये मोठा बदल केला. तोपर्यंत यंत्र फक्त उत्तरं द्यायचं. आता ते उलटे प्रश्न विचारायला लागलं. कुणी ‘पगार’ म्हटलं की आधी विचारायचं, घरात सज्ञान मुलगा आहे का? जमीन किती? राहण्याचा दाखला आहे का? मग सांगायचं, अर्ज करावा की करू नये. त्यासाठी मला आत बरीच तोडफोड करावी लागली, कितीतरी वेळा सगळं अडकून बसलं, वीज गेली की केलेलं पुसलं जायचं. पण जमलं. लोकांना ते फार आवडलं. “आता कसं मानसावानी इचारायलंय,” असं एकजण म्हणाला. सचिवांनी पेढे वाटले. पाहुण्यांना दाखवायला ते तेच दाखवायचे, यंत्र कसं उलटं विचारतं ते. मी बाजूला उभी राहून बटणं दाबायची. मी केलेल्यांतलं सर्वांत चांगलं काम ते होतं आणि ते मला बघवत नव्हतं.

बाई मधे बरेच दिवस दिसली नाही. आली तेव्हा कुंकू होतंच, पण आधीपेक्षा लहान, आणि पदर कपाळावर ओढलेला.

“गल्लीत कळलं,” ती म्हणाली. “कुनीतरी तहसीलातून सांगितलं का काय म्हाईत. भावकीत बारसं हुतं. मला बोलावलं आन् कोपऱ्यात बशिवलं. ओटी भरायला उठले तर जावनं हात धरला. तू आता न्हाई भरायची म्हनली. म्या म्हनलं, काऊन? तर म्हनती, तूच अंगठा दिला की.”

ती यंत्राकडं बघत होती.

“तुज्या ह्या मशीनीला सांग ना गं, तो मेला न्हाई म्हनून. ते कागदवाल्याला कळवतंय का?”

“नाही, मावशी. हे कुणाला कळवत नाही. इथल्या इथंच आहे.”

“इतकं शिकून?”

हे तिनं यंत्राला म्हटलं की मला, ते कळलं नाही. तिनं पाटी उचलली. मी तिच्यामागं दारापर्यंत गेले, पण बाकड्यावर लोक थांबले होते.

त्याच हिवाळ्यात पुण्याहून नवीन प्रोग्राम आला. इंजिनिअर स्वतः आला होता. त्यानं फ्लॉप्या घातल्या, अर्धा दिवस बसला आणि नवा प्रोग्राम चालू करून दिला. पडद्यावर आता रंग होते. संस्थेचं चिन्ह होतं. मी त्याला ‘पराटी’ टाइप करून दाखवलं. यंत्राला कळलं नाही.

“माझ्या दुरुस्त्या?” मी विचारलं. “मी पाठवत होते त्या?”

“हो, मिळाल्या ना. छान काम आहे तुमचं, मॅडम. पण हा प्रोग्राम आता बाकी जिल्ह्यांतही जाणार. एकेका भागाचे शब्द घातले तर फार जड होतं ते. आम्ही प्रमाण भाषाच ठेवली.”

“आणि उलटे प्रश्न?”

“ते पुढच्या वेळी बघू.”

जुन्या प्रोग्रामच्या फ्लॉप्या माझ्याकडं होत्या, पण नव्याला त्या वाचता येत नव्हत्या. मी त्याला जुनाच परत घालून द्या म्हटलं. तो म्हणाला, त्याला आता कुणी बघणार नाही. सचिव तिथंच होते. ते म्हणाले, “ताई, घाला की परत. तुम्हाला तर सगळं पाठ आहे.” त्यांना खरंच वाटत होतं की ते सोपं आहे.

मी सुरुवात केली. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘लय’. पण नवा प्रोग्राम कुलूपबंद होता. शब्द घालता यायचे, बाकी काही बदलता यायचं नाही. ‘घर’ आणि ‘जळ’ मला पुन्हा जोडता आले नाहीत. लोक हळूहळू कमी झाले. जे यायचे ते आता यंत्राला नाही, मलाच विचारायचे, आणि मी मला माहीत होतं तेवढं सांगायची, म्हणजे फारसं काही नाही. उन्हाळ्यात संस्थेचं अनुदान थांबलं. कॉम्प्युटर सचिवांच्या शाळेच्या ऑफिसात गेला, तिथं त्यावर प्रश्नपत्रिका टाइप व्हायला लागल्या. गोदामात पुन्हा खताची पोती आली. मला परभणीत एका कचेरीत नोंदी टाइप करायचं काम मिळालं. आकडे होते फक्त. कुणी काही विचारत नव्हतं.

पुढच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. आमच्या वस्तीत त्या संध्याकाळी सगळे बाहेर आले. निळे झेंडे होते, म्हाताऱ्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. वडील दारात खुर्ची टाकून बसले होते, कुणी हार घातला तर तो काढून मांडीवर घेतला. “इतकी वर्षं लागली,” एवढंच म्हणाले. खेड्यांतून काय बातमी येते याची भीतीही सगळ्यांच्या मनात होतीच, म्हणून कुणाचा आवाज फार चढत नव्हता.

त्या दिवसांत गावोगावचे लोक परभणीला येत होते. एका टेम्पोतून त्या मावशीच्या गावच्या बाया उतरल्या. मी त्यांच्यात तिला शोधलं. नव्हती. एकीला विचारलं.

“ती व्हय? ती गेली की दिवाळीच्या मागं.”

“गेली म्हणजे?”

“गाव सोडून गेली. झोपडीच्या दाराला पत्रा ठोकला आन् गेली.”

“मुलाकडं?”

त्या बाईनं शेजारच्या बाईकडं पाहिलं. दुसरी म्हणाली, “पोरगं तर हितंच आलं हुतं तिला हुडकत. त्येच्याकडं न्हाई गेली.”

“मग कुठं?”

“नांदेडच्या गाडीत बसली म्हनत्यात,” पहिली म्हणाली. “कुनी म्हनतंय तिला त्याची काई खबर लागली हुती. खरं-खोटं काय म्हाईत. आमाला तर सांगून न्हाई गेली.”

पुढं घोषणा सुरू झाल्या आणि त्या बाया गर्दीत मिसळल्या. मी थोडा वेळ टेम्पोपाशीच उभी राहिले. मग आईनं हाक मारली, म्हणून घरी गेले.